कोष्टकातले प्रश्नचिन्ह

मार्टिन फ्लाइशमन आणि स्टॅनली पॉन्स यांनी 23 मार्च 1989 रोजी सॉल्ट लेक सिटीत पत्रकार परिषद घेतली आणि काचेच्या भांड्यात अणुसंमीलन घडवल्याचे जाहीर केले. त्या परिषदेवर पुष्कळ लिहून झाले आहे. मला गोडी आहे ती एप्रिलमध्ये छापून आलेल्या त्यांच्या आठ पानी लेखाची. 13 मार्चला मिळाला, सुधारून 22 मार्चला, अशी नोंद शीर्षकाखालीच आहे. म्हणजे परिषदेच्या आदल्या दिवशीपर्यंत हात फिरत होता!

प्रयोग तसा साधा. जड पाण्यात पॅलॅडियमचा कॅथोड, प्लॅटिनमचा अ‍ॅनोड. वीज सोडली की ड्युटेरियम पॅलॅडियममध्ये ठासून भरत जाते. जास्तीची उष्णता किती निघाली, ते कोष्टकात आहे: आधी कांड्या, मग पत्रा, शेवटी एक सेंटिमीटर बाजूचा घन. या घनापुढे आकडाच नाही. तिथे ठळक अक्षरांत धोक्याचा इशारा उद्गारचिन्हासह, आणि लगेच, पेट घेतला की काय, असे प्रश्नचिन्ह. खुलासा मजकुरात: कॅथोडचा बराच भाग वितळला, काहीची वाफ झाली, भांडे गेले आणि वाफा ओढून घेणाऱ्या कपाटाचा एक भागही गेला. पॅलॅडियम 1554 अंशांना वितळते. एवढा थरार, आणि भाषा पंचनाम्याची. लेखातला सर्वांत जिवंत मजकूर हाच.

मग न्यूट्रॉन येतात आणि लेखाचा तोल जातो. नेहमीच्या संमीलनातून एवढी उष्णता निघायची तर दर वॅटमागे सेकंदाला 10,00,00,00,00,000 च्या घरात न्यूट्रॉन हवेत. त्यांना मिळाले सुमारे 40,000. (हवे तेवढे खरोखर निघाले असते तर लेख लिहायला दोघे उरले नसते, असे भौतिकीवाले म्हणत.) लेखक ही दरी पाहतात आणि बरीचशी ऊर्जा आजवर अज्ञात असलेल्या अणुप्रक्रियेतून येते, असे म्हणून ओलांडतात. गायकाने सम चुकवावी आणि ताल नवा आहे म्हणून सांगावे, तसे हे झाले.

न्यूट्रॉनांचा पुरावा म्हणून दिलेल्या गॅमा किरणांच्या आकृतीत एकच सुटे शिखर आहे. एमआयटीच्या रिचर्ड पेट्रासो आणि सहकाऱ्यांनी ते डोळ्यांत तेल घालून वाचले. असे शिखर खरे असेल तर त्याच्या डावीकडे, कमी ऊर्जेच्या बाजूला, कॉम्प्टन कडा दिसायलाच हवी. ती नाही. शिवाय शिखर इतके अरुंद की ते यंत्र तेवढे बारीक दाखवूच शकत नाही. या लेखाचे याहून मार्मिक वाचन माझ्या पाहण्यात नाही.

ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही पी. के. अय्यंगार यांच्या पुढाकाराने अनेक गट त्याच वर्षी या प्रयोगाला भिडले. त्यांनी भर उष्णतेपेक्षा न्यूट्रॉन आणि ट्रिटियमवर दिला, आणि दोन्ही सापडल्याचे नोंदवले. जगात इतरत्र मात्र खात्रीची पुनरावृत्ती साधेना. गूगलच्या पैशावर काम केलेल्या गटांनी 2019 मध्ये 'नेचर'मध्ये सांगितले, की पुरावा मिळाला नाही.

माझी तक्रार जुनी आणि साधी आहे. उष्णतेच्या त्या कोष्टकात तुलनेसाठी साध्या पाण्याची एकही ओळ नाही.