आतड्याच्या कर्करोगातील ‘सेंटिनल’ ग्रंथी : एका उसन्या संकल्पनेची चिकित्सा

वैद्यकातील संकल्पना एका अवयवाकडून दुसऱ्या अवयवाकडे नेली जाते, तेव्हा तिचे प्रयोजनही सोबत जातेच असे नाही. मोठे आतडे व गुदाशय यांच्या कर्करोगातील सेंटिनल ग्रंथीची बायॉप्सी हे याचे उदाहरण होय.

अर्बुदाकडून येणारी लसिका सर्वप्रथम ज्या ग्रंथीत पोहोचते, ती सेंटिनल म्हणजेच पहारेकरी ग्रंथी. ती निरोगी असल्यास पुढील ग्रंथीही निरोगी असतात, हे या तंत्रामागील गृहीतक. डोनाल्ड मॉर्टन व सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये त्वचेच्या मेलॅनोमासाठी निळे रंगद्रव्य वापरून ते मांडले. स्तनाच्या कर्करोगात त्यामुळे अनेक स्त्रियांच्या काखेतील सर्व ग्रंथी काढणे टळले.

आतड्याच्या प्रचलित शस्त्रक्रियेत मात्र रोगग्रस्त भागाबरोबर ग्रंथीही काढल्या जातात व किमान १२ ग्रंथी तपासाव्यात असा संकेत आहे. म्हणजे येथे टळण्यासारखे काही उरत नाही. उरतो तो निवडक ग्रंथींच्या सूक्ष्म तपासणीचा लाभ. ग्रंथींत रोग आढळल्यास सामान्यतः केमोथेरपी सुचविली जाते, म्हणून हा लाभ क्षुल्लक नाही. तथापि ०.२ मिलिमीटरपर्यंतचे विलग पेशीपुंज प्रचलित वर्गीकरणात ग्रंथींतील प्रसार म्हणून गणले जात नाहीत.

पुराव्याचे चित्र संमिश्र आहे. अमेरिकेतील २००४ च्या बहुकेंद्री अभ्यासात ७२ पैकी ६६ रुग्णांत सेंटिनल ग्रंथी सापडली; परंतु ग्रंथींत रोग असलेल्या २४ पैकी १३ रुग्णांत तिने रोगाची सूचना दिली नाही. २०११ मध्ये ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’त प्रसिद्ध झालेल्या ५२ अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात ग्रंथी सापडण्याचे प्रमाण ९४ टक्के, तर संवेदनक्षमता ७६ टक्के आढळली. ग्रंथी सापडणे आणि तिच्यावर विसंबता येणे या भिन्न गोष्टी आहेत; समर्थकांच्या मांडणीत हा भेद अनेकदा पुसट होतो.

टीकाकारांचा आक्षेपही तपासून घ्यावा लागतो. सर्वच ग्रंथी तपासल्या जात असल्याने पहारेकरी चुकला तरी रुग्णाची थेट हानी होत नाही. हानीचा संभव आहे तो अन्यत्र. कोलोनोस्कोपीद्वारे काढता येणाऱ्या प्रारंभिक अर्बुदांत आतडे वाचविण्याची शक्यता असते. या तंत्राचे मूळ प्रयोजन तेथेच पुन्हा सार्थ ठरू शकते. पण तेथे चुकलेली ग्रंथी शरीरातच राहते. शिवाय उपरोक्त विश्लेषणातील सुमारे तीन चतुर्थांश रुग्णांची अर्बुदे खोलवर पसरलेली होती. त्यावरून प्रारंभिक अर्बुदांविषयी निर्णय देता येत नाही.

सारांश, जेथे हे तंत्र निर्धोक आहे तेथे त्याची गरज अल्प, आणि जेथे गरज आहे तेथे त्याची चूक महाग. प्रारंभिक अर्बुदांपुरता स्वतंत्र पुरावा हाच त्याच्या स्वीकाराचा निकष असला पाहिजे.