‘उद्दीपित बी-पेशी’ या संज्ञेचा सैल वापर

प्रतिकारशास्त्रावरील प्रबंधांत ‘उद्दीपित बी-पेशी’ हा शब्दप्रयोग पुष्कळदा एखाद्या निश्चित अवस्थेचे नाव असावे, तसा योजिलेला आढळतो. उद्दीपन कशाने केले, किती तासांनी पाहिले आणि पेशी कोणत्या प्राण्याच्या होत्या, हे सांगितल्यावाचून या संज्ञेस अर्थ राहत नाही.

सीडी ६९ हे पृष्ठचिन्ह घ्या. प्रतिजनग्राहक परस्परांशी जोडले गेले की ते काही तासांतच वाढते. पण फॉर्बॉल एस्टर ग्राहकास वगळूनही ते वाढविते. म्हणून केवळ त्याच्या दर्शनावरून ग्राहक शाबूत असल्याचा निष्कर्ष निघत नाही. सीडी ८६ लवकर वाढते, सीडी ८० मागाहून. सीडी २३ वाढविण्यात इंटरल्यूकिन-४ चा वाटा ठळक आहे. जिवाणूंच्या लिपोपॉलिसॅकराइडला उंदराच्या बी-पेशी जोमाने प्रतिसाद देतात, मानवी बी-पेशी फारसा देत नाहीत. सीडी ३८ तर जननकेंद्रातील मानवी बी-पेशींवर विपुल, उंदराच्या तशाच पेशींवर अत्यल्प असते.

हा नुसता शब्दांचा काथ्याकूट नव्हे. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयासारख्या ठिकाणी वारंवार न्यूमोनिया होणारे मूल आले आणि त्याच्या रक्तात आयजीएम पुरेसे, पण आयजीजी अत्यल्प आढळले, अशी कल्पना करू. टी-पेशींवरील सीडी ४० लायगँड सदोष असेल, तर बी-पेशी स्वतः निर्दोष असतात. तो संकेत बाहेरून पुरविताच त्यांची पृष्ठचिन्हे वाढतात. दोष खुद्द सीडी ४० मध्ये असेल, तर तो संकेत व्यर्थ जातो, मात्र प्रतिजनग्राहकामार्फत दिलेल्या संकेताने सीडी ६९ वाढू शकते. अहवालात नुसते ‘बी-पेशी उद्दीपित झाल्या’ एवढेच असेल, तर हा भेद बुडाला.

भेद बुडाल्याचे फळ कुटुंबास भोगावे लागते. पहिला दोष क्ष-गुणसूत्राशी निगडित असल्याने मातेच्या बहिणींच्या मुलग्यांचाही विचार करावा लागतो; दुसऱ्यात मातापिता दोघेही वाहक असतात, आणि मामेबहिणीशी विवाहाची रीत असलेल्या मराठवाड्यात नात्यातील पुढील सोयरिकींविषयीचा सल्लाच बदलतो. अशा निदानाचे काम मुंबईत परळच्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेत होते. तेथे पाठविलेला लहान मुलाच्या रक्ताचा नमुना थोडाच असतो.

तेव्हा प्रत्येक कोष्टकाच्या शीर्षस्थानी संकेत, मात्रा, काळ व प्राणिजाती यांची नोंद असावी, आणि उद्दीपन न केलेल्या पेशींचे मापन शेजारी द्यावे. ‘उद्दीपित’ हे विशेषण त्यानंतरच शोभेल.