२०४२ चे युद्ध आणि कडवंची

‘बॅटलफील्ड २०४२’ हा संगणकावरचा युद्धखेळ २०२१ मध्ये आला. हवामान बिघडले, अनेक देश कोसळले आणि उरल्यासुरल्या साधनांसाठी अमेरिका व रशिया लढू लागले, अशी त्यातली कल्पना आहे. एका मैदानावर १२८ जणांपर्यंत खेळाडू लढतात. टोर्नेडो सैनिकांना उचलून भिरकावतो. दृश्य थक्क करणारे आहे. पण टंचाईच्या या जगात कोणालाच तहान लागत नाही!

टंचाईला उत्तर युद्धच, हे आम्हांला पटत नाही. जालना जिल्ह्यात २०१२-१३ च्या दुष्काळात मोसंबीच्या बागा वाळल्या. त्याच जिल्ह्यातल्या कडवंचीत पाणलोटाची कामे आणि शेततळी यांच्या बळावर द्राक्षबागा तगल्या. खेळाबद्दल मुलांशी जरूर बोलावे. आणि विचारावे, या मैदानावर पडलेला पाऊस कुठे जातो?