पाइलची आडवी ‘क्षमता’: आयएस 2911 वाचताना

आयएस 2911 (भाग 1, विभाग 2, 2010) मधल्या ॲनेक्स सीवरचे गणित तुम्ही सोडवले असेलच. ईआय काढायचा, तक्त्यातून मातीचा गुणांक ईटा-एच घ्यायचा, त्यावरून टी, मग आलेखावरून स्थिरतेची खोली आणि शेवटी 5 मिमी विचलनाला येणारा भार. उत्तरापुढे आपण ‘आडवी भारक्षमता’ लिहितो. माझा आक्षेप या शब्दाला आहे.

समजा, पानिपतजवळ काला अंबला पाइल घ्यायची आहे. मराठी माणसाला ही जागा 1761 मुळे ठाऊक. आपल्यासाठी इथे यमुनेच्या गाळाचे मैदान आहे आणि आयएस 1893 (2016) प्रमाणे भूकंप क्षेत्र 4. पाइल 600 मिमी व्यासाची, 20 मीटर लांब, एम25 काँक्रीटची. माती पाण्याखालची मध्यम घट्ट वाळू धरू. बोअरलॉग मिळेपर्यंत हे गृहीतच. तक्ता अशा वाळूला ईटा-एच 1.4 ते 5.0 मेगान्यूटन प्रति घनमीटर देतो.

ईआय सुमारे 1,59,000 किलोन्यूटन-चौरस मीटर. टी 2.58 ते 2.0 मीटर, म्हणजे पाइल 4 टीपेक्षा बरीच लांब. माथा जखडलेला असेल तर स्थिरतेची खोली सुमारे 2.2 टी आणि भार 52 ते 112 किलोन्यूटन. माथा मोकळा धरला तर खोली 1.9 टी, भार 20 ते 44. पाइल तीच, वाळूचे नाव तेच, उत्तर 20 पासून 112 पर्यंत कुठेही! पाचव्या मुळात ईटा-एचची चूक विरून जाते, असे समजू नका. विचलन टीच्या घनावर चालते.

यावर उपाय चाचणीचा. भाग 4 (2013) प्रमाणे 5 मिमीचा भार आणि 12 मिमीच्या भाराचा अर्धा, यांतला कमी तो घ्यायचा. चाचणी बहुधा दोन पाइलमध्ये जॅक लावून होते, म्हणजे माथा मोकळा. इमारतीत मात्र तो पाइल कॅपमध्ये जखडलेला. म्हणून चाचणीचा आकडा जसाच्या तसा उचलू नका. त्यावरून ईटा-एच उलटा काढा आणि तो जखडलेल्या माथ्याला वापरा. हे काम सोपे आहे, तरी अहवालांत क्वचितच दिसते.

चाचणीलाही न दिसणारी गोष्ट भूकंपात घडते. 2001 च्या भूज भूकंपात कांडला बंदराची इमारत कलली. तिच्या 32 पाइल 18 मीटर लांब होत्या; वर सुमारे 10 मीटर चिकणमाती, खाली वाळू, आणि ती वाळू द्रवली. ॲनेक्स सी संपूर्ण खोलीला एकच ईटा-एच लावतो आणि भार फक्त माथ्यावर धरतो. मधला थर द्रवला किंवा जमीनच सरकून पाइलला ढकलू लागली, तर त्या सूत्रात हे मांडायला जागाच नाही.

शिवाय 5 मिमीचा निकष पाइल मोडेल की नाही हे सांगत नाही. त्यासाठी आघूर्ण वेगळा काढून सळईशी ताडावा लागतो. तेव्हा उत्तर असे लिहा: ‘माथा जखडलेला, 5 मिमीला, स्थिर भाराखाली 52 ते 112 किलोन्यूटन, आघूर्ण तपासणी पुढे.’