जुन्या पत्रांतील विराम

जुनीं मोडी पत्रें देवनागरींत छापतांना संपादक त्यांत विरामचिन्हें घालतात, आणि वाचक तीं मूळचींच समजून पुढें जातो. ही गोष्ट दिसते तितकी क्षुल्लक नाहीं.

मोडी लिहिणारा आधीं आडवी रेघ ओढी व तिच्याखालीं अक्षरें जोडीत जाई. शब्दाशब्दांमध्यें जागा नाहीं. स्वल्पविराम, अवतरणचिन्ह तर नाहींच. तरीहि जाणता वाचणारा फारसा अडत नसे, कारण विराम शब्दांतच असे. 'विशेष' आलें कीं कुशलवृत्त संपलें. 'म्हणोन' आलें कीं दुसऱ्याचें म्हणणें आटोपलें. 'ऐशियास' आलें कीं त्यावरचें उत्तर सुरू झालें. 'बहुत काय लिहिणें' येतांच कागद गुंडाळावयाचा. कारकुनानें मोठ्यानें वाचावें व धन्यानें ऐकावें, एवढ्याला हें साहित्य पुरेसें होतें.

आजचीं चिन्हें इंग्रजीच्या वळणावर आलीं. मेजर थॉमस कँडी यांची 'विरामचिन्हांची परिभाषा' १८५० सालची. त्यांचे उपकार नाकारण्याचें कारण नाहीं. मनांतल्या मनांत वाचावयाच्या गद्याला या चिन्हांवांचून चालत नाहीं. पण तीं व्याकरण दाखवितात, श्वास नव्हे. 'तो म्हणाला, कीं मी येत नाहीं' असें पुष्कळ पुस्तकांत छापलेलें असतें. बोलतांना मात्र आपण 'कीं' उच्चारून झाल्यावर थांबतों, त्याच्या आधीं नव्हे. कोणीहि घरीं म्हणून पाहावें!

खरा घोटाळा 'म्हणोन'पाशीं आहे. दुसऱ्याचें म्हणणें कोठें संपलें हें तो शब्द सांगतो. तें कोठें सुरू झालें हें सांगणारा शब्द पुष्कळदा नसतोच. तेथें संपादक आपल्या समजुतीनें आरंभीचें अवतरणचिन्ह ठेवतो. तें एक वाक्य आधीं पडलें, तर पत्रलेखकानें स्वतः पाहिलेली हकीकत ऐकीव ठरते. एक वाक्य नंतर पडलें, तर ऐकीव बातमी डोळ्यांदेखतची होते. मग त्याच वाक्यावर अभ्यासक सैन्याची संख्या मांडतो, किंवा कोणाच्या तरी माथीं फितुरी मारतो.

संपादकांनीं चिन्हें घालूंच नयेत असें आमचें म्हणणें नाहीं. तसें केल्यास सामान्य वाचक पहिल्याच पानावर पुस्तक मिटील. पण कागद फाटून अक्षर गेलेलें असतां तें कंसांत भरून काढतात, तसेंच पदरचें अवतरणचिन्हहि कंसांत असावें. निदान शंकेच्या जागीं एक तळटीप तरी द्यावी.