अतिथि, गिऱ्हाईक आणि शेरेबही

शेरेबही हा वाङ्मयाचा प्रकार आहे काय, असा प्रश्न कोणी केला तर विद्वान् मंडळी हंसतील. परंतु ज्या लेखनावर एका कुटुंबाची मिळकत आणि पुढील पाहुण्याची निवड अवलंबून असते, त्याची परीक्षा करावयाची नाहीं, तर कशाची करावयाची? गेल्या माघांत वालचंदनगरपासून थोड्या अंतरावर एका शेतकरी कुटुंबानें चालविलेल्या चार खोल्यांच्या निवासांत आम्ही दोन रात्री राहिलों. निघण्याच्या दिवशीं सकाळीं यजमानांनीं जाड पुठ्ठ्याची वही पुढें ठेविली. तींत लिहिण्यापूर्वीं आम्हीं ती पहिल्या पानापासून वाचून काढली. प्रस्तुत लेख हें त्या वाचनाचें फळ होय. निवासाचें नांव येथें मुद्दाम देत नाहीं. त्याचें कारण पुढें येईल.

या मुलुखास परका माणूस नवा नाहीं. शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९३० नंतरच्या दशकांत कळंबच्या माळावर साखर कारखाना उभारला, तेव्हांपासून परगांवचे कारागीर व इंजिनिअर येथें येऊन राहिले आणि त्यांची वसाहत झाली. पुढें १९८० मध्यें भीमेवरील उजनी धरण पुरें झालें. भिगवण-कुंभारगांवच्या बाजूस पसरलेल्या त्याच्या पाण्यावर रोहित पक्षी येऊं लागले, आणि त्यांच्या मागोमाग दुर्बिणी घेतलेले पक्षिप्रेमी आले. मासेमारांनीं त्यांना आपल्या होड्यांत बसविलें व आपल्या घरीं ताट वाढलें. कडबनवाडीच्या गवताळ रानांत चिंकारा पाहण्यास लोक जातात, ते निराळेच. बारामती तालुक्यांत श्री. पांडुरंग तावरे यांनीं २००५ पासून कृषि-पर्यटनाचा उपक्रम चालविला, आणि २०२० मध्यें महाराष्ट्र सरकारनें त्यासंबंधीं धोरण ठरविलें. अशा रीतीनें ऊस आणि दूध यांच्या जोडीला पाहुणा हेंही शेतकऱ्याचें एक उत्पन्न झालें आहे.

आतां वहीकडे वळूं. तींतील शेऱ्यांचे तीन वर्ग पडतात. पहिला, आणि सर्वांत मोठा, स्तुतीचा. सोय उत्तम, जेवण रुचकर, माणसें प्रेमळ, पुन्हा अवश्य येऊं. पान उलटावें, तों तोच मजकूर आणि निराळी सही. हे शेरे खोटे आहेत असें नव्हे. ते मुके आहेत. भाकरी बाजरीची होती कीं ज्वारीची, पहाटे उसाच्या फडावर धुकें होतें कीं नव्हतें, यांतलें कांहींच त्यांवरून कळत नाहीं. दुसरा वर्ग तक्रारीचा. तो लहान आहे, पण बोलका आहे. कोंबडा फार लौकर आरवतो, गोठ्याचा वास खोलींत येतो, असें एकानें लिहिलें आहे. शेतावर राहण्याचे पैसे मोजावे आणि शेताचीच तक्रार करावी, याला काय म्हणावें?

तिसऱ्या वर्गांत आम्हांस मोजून चार शेरे सांपडले. त्यांपैकीं एका बाईंच्या शेऱ्याचा आशय असा: जेवण फार चांगलें झालें, परंतु वाढणाऱ्या वहिनी आपल्या सर्वांच्या मागून एकट्याच जेवल्या, हें आपल्या लहान मुलीनें विचारलें तेव्हां आपल्या ध्यानांत आलें, आणि न्हाणीघराचें दार नीट लागत नाहीं, तें दुरुस्त करावें. तीनच वाक्यें, पण त्यांत घर आहे, घरांतील उणीव आहे आणि पाहुणाही आहे. उत्तम शेऱ्याचें लक्षण आमच्या मतें हेंच. पहिल्या दोन्ही वर्गांतील लेखक स्वतःस वगळून लिहितात. आपण कसे पाहुणे होतों, हा प्रश्न त्यांस पडत नाहीं.

असें कां व्हावें? अतिथीस देव मानण्याची शिकवण तैत्तिरीय उपनिषदाइतकी जुनी आहे. पण देव बिल चुकवीत नाहीं. गिऱ्हाईक बिल चुकवितें, म्हणून त्यास हिशेब विचारण्याचा अधिकार असतो. मोठ्या हॉटेलांत स्वयंपाकी दिसत नाहीं. पैसे दिले कीं नातें संपलें. लहान घरांत मात्र पैसे घेणारा हात आणि भाकरी थापणारा हात एकाच चुलीपाशीं असतात. तेथें मनुष्य धड अतिथि नसतो, धड गिऱ्हाईक नसतो. मग खाल्ल्या मिठाला जागावें म्हणून कोणी निव्वळ स्तुति करतो, तर पैसे वसूल व्हावेत म्हणून कोणी कोंबड्यावर रागावतो.

परंतु मिठाला जागणें म्हणजे डोळे मिटणें नव्हे. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ सालीं द्रव्यार्जनासाठीं उत्तरेस गेले. त्यांचा ‘माझा प्रवास’ १९०७ मध्यें चिंतामणराव वैद्यांनीं प्रसिद्ध केला. वाटेंत त्यांचा निर्वाह परक्यांच्या आश्रयावर आणि दक्षिणेवर होता. तरीही ज्या झांशीनें त्यांस आश्रय दिला, तिचें वैभव जसें ते सांगतात, तसा तिच्यावर कोसळलेला अनर्थही सांगतात. आणि आपण दक्षिणेच्या आशेनें घर सोडलें, हेंही लपवीत नाहींत. यजमानाविषयींची कृतज्ञता आणि खरें बोलणें यांचा त्यांच्या लेखणींत कोठेंच झगडा होत नाहीं.

यावर कोणी म्हणेल कीं, चार खोल्यांच्या घरास एक वाईट शब्द पुरे. हंगाम रिकामा जातो. हें खरें आहे, आणि म्हणूनच आम्हीं नांव दिलें नाहीं. दोष चव्हाट्यावर मांडावा असें आमचें म्हणणें नाहीं. शेरेबही यजमानाच्याच घरांत राहते. तींत सांगितलेला दोष घरांतल्या घरांत सांगितल्यासारखा होतो. त्याकरितां याहून योग्य जागा नाहीं.

मग आम्हीं काय लिहिलें? खोलीमागील पायऱ्यांवर दिवा नव्हता आणि पहिल्या रात्रीं आमच्या सोबतच्या वृद्ध गृहस्थांचा पाय तेथें घसरला होता. लेखणी हातीं घेतली, तों घरच्या वहिनींनीं शेंगदाण्याच्या चटणीची पुडी आमच्या पिशवींत घातली. आणि आम्हीं लिहिलें, ‘अतिशय आनंद झाला.’ पहिल्या वर्गांत आणखी एका सहीची भर पडली. भिगवण येण्यापूर्वींच त्या ओळीची लाज वाटूं लागली, कारण पुढचा पाहुणा त्याच पायऱ्या अंधारांत उतरणार होता. घरीं पोंचल्यावर यजमानांस पत्र धाडलें. त्यांचें उत्तर आलें: दिवा बसविला आहे, पण हें वहींत लिहिलें असतें तर त्याच संध्याकाळीं बसला असता.

एवढ्यावरून वाचकांस आमची विनंति इतकीच कीं, अशी वही पुढें येईल तेव्हां चटणीचे आभार अवश्य मानावे, आणि पायऱ्यांची गोष्टही त्याच पानावर लिहावी.