हिटलरने अडवले की निकेलने?

दुसऱ्या महायुद्धातील जर्मन लढाऊ वैमानिकांच्या गोष्टी अकरावी-बारावीची मुले मोठ्या आवडीने वाचतात. अशा वाचनातले एक गाजलेले पुस्तक म्हणजे ॲडॉल्फ गॅलांड यांचे १९५३ साली प्रसिद्ध झालेले आत्मकथन. इंग्रजीत ते ‘द फर्स्ट अँड द लास्ट’ या नावाने आले. १९४१ च्या अखेरीपासून जानेवारी १९४५ पर्यंत गॅलांड जर्मन लढाऊ विमानदलाची सूत्रे सांभाळत होते. स्वतः त्यांनी शंभराहून अधिक विमाने पाडली होती.

पुस्तक वाचनीय आहे, आणि हवाई संरक्षणाचा हिशेब त्यातून चांगला कळतो. १९४४ मध्ये जर्मन कारखाने पूर्वी कधीच केली नव्हती इतकी लढाऊ विमाने तयार करीत होते. पण मे महिन्यापासून कृत्रिम पेट्रोलच्या कारखान्यांवर बाँब पडू लागले. पेट्रोल नाही म्हणून सराव नाही, आणि सराव नाही म्हणून नवे वैमानिक पहिल्या काही उड्डाणांतच मरू लागले. विमाने होती, चालवणारे उरले नव्हते.

आमची तक्रार आहे ती मेसरश्मिट २६२ या जेट विमानासंबंधीच्या विवेचनाबद्दल. गॅलांड यांनी मे १९४३ मध्ये ते उडवले आणि ते भारावून गेले. पुढे हिटलरने त्याचे बाँबफेकी विमान करण्याचा हट्ट धरला व त्यामुळे मोलाचा काळ वाया गेला, असे ते सांगतात. हट्ट खरा होता. पण विमान रखडण्याचे मोठे कारण त्याच्या इंजिनात होते.

परभणी जिल्ह्यातल्या कोणत्याही शिक्षकाने मुलांना गावच्या लोहाराच्या भात्याशी नेऊन उभे करावे. विळा लाल झाला की मऊ पडतो, म्हणून तर तो ठोकता येतो. आता असेच तापलेले पाते मिनिटाला ८,७०० फेऱ्यांच्या वेगाने फिरते आहे अशी कल्पना करा. ते हळूहळू ताणले जाते आणि शेवटी तुटते. यावर उपाय निकेल-क्रोमियमच्या मिश्रधातूंचा. आणि नेमके हेच धातू जर्मनीकडे अपुरे होते. युमो ००४ इंजिनाची सुधारित आवृत्ती ते कमीत कमी लागावेत अशा बेताने आखली गेली. ज्वलनकक्ष साध्या पोलादाचे, वर ॲल्युमिनियमचा मुलामा. इंजिनाचे आयुष्य कागदावर २५ तास. प्रत्यक्षात पुष्कळदा १० तासांत ते उतरवावे लागे. मोठ्या संख्येने उत्पादन १९४४ च्या मध्याच्या सुमारास कुठे मार्गी लागले. हिटलरने तोंडही उघडले नसते तरी १९४३ मध्ये ही विमाने लढायला येणे शक्य नव्हते.

आणखी एक. या विमानांचे सांगाडे गुसेनच्या भूमिगत बोगद्यांत छळछावणीतील कैद्यांकडून करवून घेतले गेले. वैमानिकाच्या नजरेने लिहिलेल्या पुस्तकातून ते कळेल अशी अपेक्षा ठेवू नये. वर्गात शिक्षकानेच ते सांगावे.

इंजिनाची ही गोष्ट आपल्याला परकी नाही. जर्मनीच्या आकाशाचे रक्षण करणाऱ्या फोके-वुल्फ १९० चे रचनाकार कुर्ट टांक १९५६ साली बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये आले. तिथे गटिंगेनला प्रांटल यांच्या हाताखाली डॉक्टरेट मिळवलेले कोल्हापूर जिल्ह्याचे विष्णु माधव घाटगे आधीपासून होते. त्यांनी रचलेले एचटी-२ हे शिकाऊ विमान १९५१ मध्येच उडाले होते. मात्र त्याचे इंजिन विलायती. टांक यांचे ‘मरुत’ १७ जून १९६१ रोजी उडाले. त्याचा आकार ध्वनीहून दुप्पट वेगाच्या अपेक्षेने आखलेला होता. पण हवे ते ऑर्फियस इंजिन ब्रिटनमध्ये पूर्णत्वाला गेलेच नाही, आणि प्रत्येकी सुमारे २,२०० किलो रेटा देणाऱ्या दोन जुन्या इंजिनांवर विमानाला भागवावे लागले. १९७१ च्या युद्धात ‘मरुत’ने राजस्थान आघाडीवर चांगली कामगिरी केली, पण ध्वनीचा वेग त्याला सरळ उड्डाणात कधी ओलांडता आला नाही.

त्यात आपला उन्हाळा. तापलेली हवा विरळ होते, म्हणजे इंजिनात जाणारे हवेचे वस्तुमान घटते आणि रेटाही घटतो. दाब तोच धरून, परभणीच्या मे महिन्यातली ४३ अंशांची हवा १५ अंशांच्या हवेपेक्षा किती विरळ असेल, हे अकरावीच्या मुलांना चार्ल्सच्या नियमावरून काढायला सांगावे. उत्तर नऊ टक्क्यांच्या आसपास येते.